महेंद्रचा निळा धागा

महेंद्रने भरलेली मोटर पाच वर्षं तरी परत येत नाही, असं अंबरनाथ एमआयडीसीत म्हणतात. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजत मोजत खाचांत बसवायची, सुती दोऱ्याने आवळायची आणि वार्निश पाजून भट्टीत सुकवायची. हे काम तो तीस वर्षं करतोय. आम्ही दोघं मोरिवलीचे, एकाच शाळेतले, एकाच वर्गातले. मी गावातल्या आगरी घरातली, तो बुद्धविहारामागच्या चाळीतला. गणितात तो माझ्या पुढे होता. मी शिकून टीचर झाले आणि तो दहावीनंतर उल्हासनगरला गोदू उस्तादकडे जळक्या मोटरी उपसायला गेला. यात नशिबाचा भाग किती आणि अन्यायाचा किती, ते मी कधी शोधायला गेले नाही. गेले असते तर मलाच खाली बघावं लागलं असतं.

गोदू उस्तादच्या दुकानात एक रीत होती. प्रत्येक कारागिराचा आपापला रंगीत धागा असायचा. मोटर भरून झाली की शेवटचा वेढा त्या रंगाच्या धाग्याने आवळायचा, तीन गाठी मारायच्या आणि मग वार्निश. उद्या मोटर जळून परत आली तर उघडताक्षणी कळावं, कोणाचा हात होता. शागिर्दाला मात्र धागा नाही. त्याने भरलेल्या मोटरीवर उस्तादचाच धागा जायचा. काम शागिर्दाचं, जबाबदारी उस्तादची. मग एक दिवस उस्ताद आपणहून रीळ हातात ठेवतो, तेव्हा शागिर्द कारागीर झाला असं समजायचं.

उस्तादचा धागा लाल होता. महेंद्रने चौथ्या वर्षी विचारलं, "उस्ताद, मेरा धागा?" उस्ताद म्हणाला, "अभी हाथ कच्चा है, पुट." पुट म्हणजे सिंधीत लेकरा. सातव्या वर्षी विचारलं, तेव्हाही हेच. त्यानंतर उस्तादच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो नुसता स्टुलावर बसून चहा प्यायचा, सगळ्या मोटरी महेंद्र भरायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "गोदूभाईच्या हाताला तोड नाही." अकराव्या वर्षी उस्ताद गेला. धागा न देताच गेला. त्याच आठवड्यात महेंद्रने उल्हासनगरच्या बाजारातून निळ्या धाग्याचं रीळ स्वतःच विकत आणलं आणि अंबरनाथला येऊन स्वतःचा गाळा थाटला.

ही गोष्ट त्याने मला चारदा तरी सांगितली असेल. शेवट दरवेळी तोच, "तुळशी, अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने जगलो." मला वाटायचं, ज्याने हे सोसलं तो दुसऱ्याला असं करणार नाही. शाळेत परिपाठाला आम्ही असलीच गोड वाक्यं पोरांना ऐकवतो. जाच झालेली सून पुढे सासू होते तेव्हा काय करते, ते घरोघरी दिसतं. पण परिपाठाला ते कोण सांगणार?

गेल्या वर्षी जुलैत शाळेत एका स्पर्धेची पुस्तिका आली. शाळकरी मुलांनी पाण्याखाली चालणारा रोबोट बनवायचा, डिसेंबरात बदलापूरच्या एका कॉलेजच्या पोहण्याच्या तलावात तो उतरवायचा आणि तळाशी टाकलेल्या पाच कड्या पंधरा मिनिटांत वर आणायच्या. सत्तावीस पानं, सगळी इंग्रजीत. मी ती मधल्या सुट्टीत बसून मराठीत उतरवली आणि वर्गात वाचून दाखवली. बॅटरी पाण्याबाहेरच हवी. तारेला इतक्याच अँपिअरचा फ्यूज हवा. फिरणाऱ्या पात्यांना जाळी हवी, कोणाची बोटं जायला नकोत. विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल जोडायचं. आणि नियम क्रमांक अकरा: यंत्र मुलांनीच बनवायचं. मोठ्यांनी शिकवावं, पण हात लावू नये. बाहेरच्या कारागिराने काही केलं असेल तर फॉर्मवर तसं लिहायचं आणि त्या भागाचे गुण सोडायचे. लपवलं तर संघ बाद.

वर्गातून पहिला हात वर आला तो प्रीतीचा, महेंद्रच्या मुलीचा. प्रीती दहावीत होती. लहानपणापासून सुट्टीत बापाच्या गाळ्यावर बसायची, तिच्या बोटांना वार्निशचा वास असायचा आणि त्यावरून वर्गातली पोरं चिडवायची. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. तिच्या आईला, मायाला, ते अजिबात मान्य नव्हतं. माया एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. ती मला स्पष्ट म्हणाली, "टीचर, बाप काळा झालाय तेवढा पुरे. पोरगी कॉमर्स करंल, एसीत बसंल." बऱ्याच वादावादीनंतर मायलेकींचा करार झाला. स्पर्धेत पहिल्या तिनांत नंबर आला तर डिप्लोमा. नाही आला तर कॉमर्स, आणि पुन्हा तोंडातून मोटरीचं नाव काढायचं नाही. मी साक्षीदार होते. त्या पोरीसाठी ही स्पर्धा म्हणजे काय होतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अडचण फ्यूजच्या नियमात होती. भंगारातून आम्हाला गाड्यांच्या पंख्यांच्या जळक्या मोटरी मिळाल्या, पण त्या करंट फार खातात, चार एकदम चालवल्या की फ्यूज उडणार. पैसेवाल्या शाळांनी पाण्यातल्या तयार मोटरी मागवल्या आणि मोकळ्या झाल्या. प्रीती म्हणाली, "आपण याच परत भरू. तार बारीक, वेढे जास्त. करंट कमी खाईल." मी महेंद्रला विचारलं. तो हसला, म्हणाला, "बरोबर बोलली. पण भरायला लागंल तिलाच. तुझा अकरा नंबर."

त्याने अकरा नंबर इतका मनावर घेतला की विचारू नका. दर रविवारी सकाळी चार पोरं गाळ्यावर जमायची. महेंद्र दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहायचा आणि तसाच शिकवायचा. "त्या खाचेत नको, पुढच्या. अगं, पुढच्या!" म्हणून हनुवटीने दाखवायचा. तार तुटली की पायाने जमिनीवर ठोकायचा. एकदा प्रीतीच्या बोटाला तार घुसून रक्त आलं, तेव्हाही त्याने हात बाहेर काढला नाही, संघातल्या रिद्धीला म्हणाला, "बांध तिला पट्टी." मी म्हटलं, "महेंद्र, पट्टी बांधायला नियम आडवा येत नाही." तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम, टीचर." पोरांसमोर तो मला नेहमी टीचरच म्हणायचा.

पहिल्या आठ मोटरी प्रीतीने वाया घालवल्या. कुठे वेढे चुकले, कुठे तारेचं कव्हर खरवडलं गेलं. नववी चालली. ऑगस्टच्या शेवटी चार मोटरी एकसारख्या चालायला लागल्या आणि फ्यूज उडेना. पीव्हीसी पाइपच्या टोपणांत त्या बसवल्या, आत ग्रीस भरलं आणि पाण्याच्या पिंपात रात्रभर ठेवून सकाळी उघडल्या. आत थेंब नव्हता. त्या दिवशी मी प्रीतीला जितकं खूश पाहिलं तितकं नंतर कधीच पाहिलं नाही.

धागा आणि वार्निश चाचणीनंतरच करायचं ठरलं होतं. शेवटचा वेढा आवळताना तिने बापाकडे पाहिलं. फळीवर रिळांची रांग होती, त्यातलं एक पिवळं होतं. ती म्हणाली, "पप्पा, मी पिवळा घेऊ?"

महेंद्र म्हणाला, "निळाच बांध. हात कच्चा आहे अजून."

"चालतात ना पण चारही!"

"चार चालल्या म्हणजे झालं का? मी अकरा वर्षं थांबलो. माझ्या गाळ्यातून मोटर बाहेर चालली, जळली तर नाव माझं जाईल."

प्रीतीने निळा धागा बांधला, तीन गाठी मारल्या. मी तिथेच होते. मला आत काहीतरी टोचलं, पण मी बोलले नाही. कारागिराच्या घरच्या गोष्टीत मास्तरणीने कशाला नाक खुपसावं, असं वाटलं. वर तो धागा मला छानही दिसला. फॉर्म भरताना 'बाहेरच्या कारागिराचं काम' या रकान्यात मी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. खरंच होतं ते. आजही मी शपथेवर तेच सांगेन.

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या कडेने प्रत्येक संघाला एक टेबल दिलं होतं. परीक्षक यंत्र तपासणार, प्रश्न विचारणार, मग पाण्यात उतरवणार. आमच्या डाव्या हाताला एका मोठ्या शाळेचा संघ होता. त्यांच्या तयार मोटरी चकचकीत, बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आमच्या टेबलावर प्रीतीने मुद्दाम एक जास्तीची मोटर उघडून ठेवली होती. तिला आपलं काम दाखवायचं होतं. का दाखवू नये? सगळा पावसाळा बोटं फोडून घेतली होती तिने.

मुख्य परीक्षक उन्मेष सर तरुण होते, मऊ बोलणारे. प्रीती त्यांना घडाघडा सांगत होती, किती वेढे होते, किती केले, करंट किती उतरला. त्यांचा चेहरा खुलला होता. तेवढ्यात कॉलेजचा वायरमन कमलेश बोर्ड जोडायला आमच्या टेबलाशी आला आणि उघडी मोटर बघून थांबलाच.

"आयला! हा तर महेंद्रभाऊचा हात!" तो कौतुकाने म्हणाला. "निळा धागा, तीन गाठी. सर, या तलावाचा पंप पण त्यांनीच भरलाय. खोलून बघा, हाच धागा मिळंल. अख्ख्या अंबरनाथमध्ये असं काम दुसरा कोणी करत नाय."

त्या माणसाच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. तो आपल्या परीने स्तुती करून गेला.

उन्मेष सरांनी विचारलं, "महेंद्र कोण?"

"माझे पप्पा," प्रीती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा आवाज बारीक झाला.

महेंद्र कठड्यापलीकडे पालकांत उभा होता, हात खिशात. त्याला बोलावलं. तो तसाच आला, हात खिशात घालूनच. यंत्राजवळ हात लावायचा नाही ना! पाहणाऱ्याला वाटावं, काय माजोरडा बाप आहे.

"हा धागा तुमचा?"

"हो सर."

"म्हणजे मोटर तुम्ही भरली."

"नाय नाय. भरली पोरीनेच. मी हात पण नाय लावला. धागा फक्त माझा."

"काम तिचं, तर खूण तुमची का?"

महेंद्रने सगळी रीत सांगितली. उस्ताद, शागिर्द, लाल धागा, निळा धागा, जळली तर जबाबदारी कोणाची. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, घाम पुसत, तेही खांद्याने. उन्मेष सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. माझ्या मते त्यांना मदतच करायची होती.

"म्हणजे तिचा हात अजून तयार नाही, म्हणून तिला धागा दिला नाही, असं?"

महेंद्र अडकला. तयार नाही म्हणावं तर ज्या पोरीचा हात तयार नाही तिने ही मोटर भरली कशी? हो, तयार आहे म्हणावं तर धागा का नाही? त्याने प्रीतीकडे पाहिलं.

"तयार आहे सर," तो म्हणाला. "माझ्यासारखाच हात आहे तिचा."

"कधीपासून?"

खोटं बोलायला त्याला जमत नाही, हा त्याचा गुण की दोष ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"ऑगस्टपासून," तो म्हणाला.

मी प्रीतीकडे बघत होते. बाद होण्याचं तेव्हा अजून ठरलंही नव्हतं. पण तिचा चेहरा पडला तो त्या एका शब्दाने. तिने मान फिरवली ती नंतर बापाच्या दिशेने वळवलीच नाही.

ती उन्मेष सरांना म्हणाली, "सर, तार आणि एक रिकामी मोटर द्या. मी इथेच तुमच्यासमोर भरते." तिघं परीक्षक बाजूला जाऊन बोलले. परत आले ते पुस्तिका घेऊन. तपासणीला प्रत्येक संघाला बारा मिनिटं, बत्तीस संघ, समोर बसून मोटर भरायला वेळ कुठून आणायचा? कारागिराची खूण यंत्रावर आहे, कारागीर स्वतः म्हणतो ती माझी आहे, आणि फॉर्मवर लिहिलंय 'नाही'. नियम क्रमांक अकरा, संघ बाद.

मी भांडले. अगदी गावच्या भाषेत भांडले, मास्तरकी सोडून. डाव्या टेबलाकडे बोट करून विचारलं, "या मोटरी काय यांच्या पोरांनी भरल्या का? कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी बसून भरल्याच ना?" उन्मेष सर म्हणाले, "मॅडम, त्याचं बिल आहे." ते चिडून म्हणाले नाहीत, दिलगिरीने म्हणाले. विकत आणलेल्या मोटरीमागचा हात कोणाचा, ते कोणी विचारत नाही. घरी शिकलेल्या हाताला मात्र पुरावा लागतो. नियम चांगल्या हेतूनेच केलेले असतात, हे मला कळतं. कळून राग जात नाही.

त्यांनी एक सवलत दिली. गुण नाहीत, पण प्रदर्शन म्हणून यंत्र पाण्यात सोडा. प्रीती नको म्हणाली. बाकीच्या तिघांचंही काम होतं त्यात, म्हणून रिद्धीने बटणं हातात घेतली. आमचं पीव्हीसीचं ते ध्यान तळाशी गेलं आणि आठ मिनिटांत पाचही कड्या वर घेऊन आलं. पहिल्या आलेल्या संघाने त्या दिवशी चार आणल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रीती तलावाकडे पाठ करून उरलेली तार गुंडाळत बसली होती. महेंद्र कठड्याशी उभा राहून पाण्याकडे नाही, तिच्या पाठीकडे बघत होता.

परतीच्या टेम्पोत मी त्याला नको नको ते बोलले. "गोदू उस्तादला अकरा वर्षं शिव्या घातल्यास आणि शेवटी झालास कोण? गोदूच ना?" मी तेव्हा असं बोलायला नको होतं. ऑगस्टमध्ये बोलायला हवं होतं, आणि तेव्हा मी गप्प होते.

मेमध्ये प्रीती दहावी पास झाली, सायन्समध्ये ब्याण्णव मार्क. करार तिने पाळला. जूनमध्ये उल्हासनगरच्या कॉलेजात कॉमर्सचा अर्ज भरला. मायाने पेढे वाटले, पण तिच्याही चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद नव्हता. महेंद्र तिला म्हणत होता म्हणे, "डिप्लोमाला जा, तुझ्या आईला मी सांगतो." प्रीती म्हणाली, "ठरलं होतं ते ठरलं." गाळ्यावर ती डिसेंबरनंतर एकदाही गेली नाही.

शाळा सुटल्याचा दाखला न्यायला ती येणार होती, त्या दिवशी सकाळीच महेंद्र शाळेच्या फाटकाशी हजर. खिशातून पिवळ्या धाग्याचं नवंकोरं रीळ काढलं. म्हणाला, "तुळशी, घरी तीनदा दिलं. घेत नाय. काय बोलत पण नाय, उचलून परत फळीवर ठेवते. तू दे. तुझं ऐकंल ती." तीस वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

अकरा वाजता प्रीती आली. मी दाखल्यावर सही घेतली आणि रीळ तिच्यापुढे ठेवलं. "पप्पांनी दिलंय," म्हटलं. "तुझा धागा."

तिने रीळ हातात घेतलं, थोडा धागा ओढून ताण बघितला. ती सवय काही सुटलेली नव्हती. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग तिने तो धागा पुन्हा नीट गुंडाळला आणि रीळ माझ्या टेबलावर ठेवलं.

"टीचर, पप्पांना सांगा," ती म्हणाली, "हात कच्चा आहे अजून."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. सोळा वर्षांची पोर हे इतकं शांतपणे बोलू शकते, याची मला भीती वाटली. ती दाखला घेऊन गेली.

संध्याकाळी महेंद्र पुन्हा फाटकाशी उभा होता. मला खोटं सांगता आलं असतं. घेतलं तिने, असं म्हणून रीळ माझ्या कपाटात टाकता आलं असतं. पण तिचा निरोप होता आणि तो पोचवायचं काम माझ्यावर होतं, म्हणून मी शब्द न शब्द सांगितला. त्याने ऐकून मान हलवली. जळून परत आलेली मोटर गिऱ्हाइकासमोर उघडताना तो अशीच मान हलवतो. मग त्याने रीळ खिशात टाकलं आणि दोन्ही हात खिशातच ठेवून मोरिवलीच्या रस्त्याने चालायला लागला.